सोडून दिलेला बिअर्डेड ड्रॅगन आपल्या घरी आला तर



शिकायला किंवा नोकरीला हैदराबाद, पुणे, बेंगळुरूला गेलेली आपली मुलं तिथे हौसेनं एखादा परदेशी प्राणी पाळतात. मग अमेरिकेचा व्हिसा येतो, घरमालक नको म्हणतो, नाहीतर लग्न ठरतं, आणि तो प्राणी खोक्यात बसून मंचेरियलला मामाच्या नाहीतर आजीच्या घरी येऊन पोचतो. कुत्रा-मांजर असेल तर कुणीही सांभाळून घेतं. पण खोक्यातून काटेरी गळ्याचा, हातभर लांब सरडा निघाला की घरातली मंडळी चार पावलं मागे सरतात. आमच्याकडे असाच एक बिअर्डेड ड्रॅगन दोन वर्षांपूर्वी आला. भाच्याच्या खोलीवरचा मुलगा त्याला तसाच टाकून निघून गेला होता. आला तेव्हा वजन १९० ग्रॅम आणि शेपटी वाळलेल्या काडीसारखी; आज तो ४२० ग्रॅमचा आहे. मंडळातल्या आणखी दोन घरांनी त्याबद्दल विचारलं, म्हणून काय काय करावं लागतं ते एकदा नीट लिहून काढतो आहे.

या प्राण्याला मराठीत रुळलेलं नाव नाही. दाढीवाला सरडा म्हणू या. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. ग्रीक भाषेत पोगोन म्हणजे दाढी. घाबरला किंवा चिडला की तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळी पडते. काटे दिसतात तेवढे कडक नसतात, हाताला फारसे टोचत नाहीत. त्याचं मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातला कोरडा मुलूख. पूर्ण वाढलेला सरडा शेपटीसकट दीड ते दोन फूट होतो, वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम, आणि नीट सांभाळला तर ८ ते १२ वर्षं जगतो. हा शेवटचा आकडा हो म्हणण्याआधी घरात सगळ्यांनी मिळून वाचावा. सत्तरीतल्या आजींच्या गळ्यात दोन वर्षांचा सरडा घालताना पुढे तो कुणाकडे जाणार हेही तेव्हाच ठरवायला हवं.

आपल्या कुंपणावरचा सरडा, ज्याला इथे सगळे तेलुगूत तोंडा म्हणतात, तो आणि हा पाहुणा एकाच अगॅमिडी कुळातले. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर निळा-काळा-केशरी गळपट्टा उघडून माद्यांना भुलवणारा सरडाही याच कुळातला. २०१६ मध्ये संशोधकांनी त्याच्या गटाला वेगळं शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा ते मराठी 'सरडा' या शब्दावरूनच 'सराडा' असं ठेवलं. शास्त्राच्या जागतिक यादीत आपला एक घरगुती शब्द असा जाऊन बसला याची मला फार गंमत वाटते. असो. नातं असलं तरी दोघांची गोष्ट अगदी निराळी आहे. कुंपणावरचा सरडा आपला, इथला, रानातला. त्याला पकडून पेटीत ठेवायचं नाही. दाढीवाला सरडा पेटीतच जन्मलेला, माणसाच्या हातचं खाल्लेला. त्याला रानात सोडायचं नाही.

हे दुसरं वाक्य जरा लांबवतो, कारण खोकं घरी आलं की कुणीतरी वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, "गोदावरीच्या काठाला नेऊन सोड, बिचारा मोकळा होईल." तो मोकळा होत नाही. कुत्रा, मुंगूस, घार यांच्यापासून लपायचं त्याला ठाऊक नसतं, आणि पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत तो आजारी पडतो. आणि चुकून जगलाच, तर आपल्या इथल्या सरड्यांना नसलेले रोग त्यांच्यात पसरवू शकतो. लाल कानपट्टीचं परदेशी कासव लोकांनी हौस फिटल्यावर असंच तळ्यांत सोडलं आणि आता ते देशात ठिकठिकाणी देशी कासवांच्या वाट्याचं खात बसलं आहे.

कायद्याचं काय?

बरेच जण हा प्रश्न टाळतात, म्हणून आधीच लिहितो. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत देशी प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. जगभर जे दाढीवाले सरडे पाळले जातात ते बंदिस्त पैदाशीतले. आपल्याकडे येणारे काही प्राणी मात्र चोरट्या वाटेनं येतात. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांमधून परदेशी सरपटणारे प्राणी निघाल्याच्या बातम्या मुंबई, चेन्नई, बेंगळुरूच्या विमानतळांवरून वारंवार येत असतात. आपल्या हातात आलेल्या प्राण्याचा इतिहास आपल्याला सहसा माहीत नसतो.

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात परदेशी प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. त्या अनुसूचीतला प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करायची असते. त्याचे नियम २०२४ मध्ये निघाले. यादी बदलत असते. म्हणून प्राणी घरी येताच तो आज त्या यादीत आहे की नाही हे वन कार्यालयात जाऊन विचारावं, आणि ज्याच्याकडून आला त्याच्याकडून दोन ओळींचं पत्र, खरेदीची पावती असल्यास पावती, आणि तारखेसह फोटो घेऊन ठेवावेत. विकत घेऊन 'वाचवण्याच्या' फंदात मात्र पडू नये. दुकानातल्या मरतुकड्या पिल्लाची दया येऊन पैसे मोजले की दुकानदार त्या जागी दुसरं पिल्लू आणतो.

घोरपड, चांदणी कासव यांची बाब याहून कडक आहे. दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. घोरपडीला तेलुगूत उडुमु म्हणतात आणि तिची पकड मराठीत जशी म्हणीसारखी वापरतात तशीच तेलुगूतही. सिंहगडाच्या कड्यावर चढलेली तानाजींची घोरपड आपल्या सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असते, आणि तरी जत्रेत 'हत्ताजोडी' म्हणून विकली जाणारी ती 'मुळी' म्हणजे वनस्पती नसून मारलेल्या नर घोरपडीचं जननेंद्रिय असतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. देवघरात कुणी ठेवली असेल तर तो गुन्हा आहे. जखमी घोरपड किंवा कासव सापडलं तर ते घरी न ठेवता मंचेरियलच्या किंवा कव्वाल वाघ प्रकल्पाच्या बाजूला असाल तर जन्नारमच्या वन कार्यालयाला कळवावं.

पहिले पंधरा दिवस

उपाशी, सुकलेला प्राणी समोर आला की आपल्या घरातला पहिला विचार "याला आधी काहीतरी खायला द्या" हाच असतो. इथे क्रम उलटा ठेवायचा: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. सरड्याचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. अंग तापलं तरच त्याचे पाचक रस काम करतात. थंड पोटात अन्न गेलं की ते पचत नाही, तिथेच सडतं. त्यामुळे पहिला दिवस फक्त उबदार पेटी, अंधारी लपायची जागा आणि शांतता. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्याचे थेंब नाकाच्या टोकावर सोडावेत. तो जीभ काढून चाटतो. पाणी तोंडात ओतू नये, श्वासनलिकेत जातं. तो पाणी पिऊ लागला, डोळे वर आले, की थोडा पाला. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर खाऊ घालणं धोक्याचं असतं, आणि तोंड उघडून भरवणं हे डॉक्टरचं काम.

वजनासाठी ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, स्वयंपाकघरातल्यापेक्षा वेगळा. दर रविवारी एकाच वेळी वजन करून वहीत लिहायचं. सरडा आजार लपवतो. वही लपवत नाही. त्याच वेळी तीन गोष्टी पाहायच्या. डोक्यावर डोळ्यांच्या मागे चरबीच्या गाद्या असतात, त्या खोल गेल्यात का. शेपटीच्या मुळाशी हाडं दिसतात का. आणि बोटांना, शेपटीच्या टोकाला जुनी कात अडकून राहिली आहे का, कारण ती सुतासारखी आवळत जाऊन बोट मारते. अडकलेली कात ओढायची नाही. छातीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवावं, काही दिवसांत ती सुटते.

या काळात त्याला मांडीवर घेणं, पाहुण्यांना दाखवणं, मुलांनी फोटो काढणं बंद. लहान मुलांना हे कठीण जातं. त्यांना त्याच्या तिसऱ्या डोळ्याची गोष्ट सांगावी, मग ती ऐकतात. त्याच्या डोक्याच्या मध्यावर एक बारीक फिकट ठिपका असतो. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून हात आला की त्याला घार आली असंच वाटतं. म्हणून हात नेहमी बाजूनं, त्याला दिसेल असा, पोटाखालून. शेपटी धरायची नाही. पालीची तुटलेली शेपटी परत येते, याची येत नाही.

पेटी

एका मोठ्या सरड्याला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच जागा लागते. गावातल्या सुताराकडून प्लायवूडची, पुढे सरकत्या काचा आणि दोन्ही बाजूंना जाळी लावलेली पेटी करून घेतली तर विकतच्यापेक्षा बरी होते. माशांची काचेची टाकी नको, हवा खेळत नाही. पेटीत एकटाच. "सोबत हवी ना त्याला" म्हणून दुसरा आणू नका. ते एकमेकांवर चढून बसतात ते प्रेम नसतं, उबेच्या जागेचं भांडण असतं, आणि त्यात दुबळ्याची बोटं जातात.

तळाला वाळू टाकायची इच्छा होते, वाळवंटी प्राणी म्हणून. अशक्त प्राणी खाताना वाळू गिळतो आणि आतडी तुंबतात. आमच्याकडे तळाला शहाबादी फरशीचा तुकडा आहे. ती पुसता येते, दिव्याखाली तापते, दिवा बंद झाला तरी काही वेळ ऊब धरते, आणि खडबडीत बाजू वर ठेवली तर नखं आपोआप झिजतात. उरलेल्या भागात वर्तमानपत्र. एक जाड फांदी, लपायला उपडं मातीचं भांडं फोडून केलेली गुहा, एवढं सामान पुरतं.

खरा खर्च दिव्यांचा आहे, आणि तिथेच लोक काटकसर करतात. दोन वेगळे दिवे लागतात. एक उष्णतेचा: पेटीच्या एका टोकाला वर लावलेला हॅलोजन स्पॉट, ज्याच्या खालच्या फरशीचं तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस होईल. दुसरं टोक २४ ते २८ अंशांवर राहायला हवं. तो दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊन स्वतःच आपलं अंग हवं तेवढं तापवतो. पेटी सगळीकडे सारखी गरम केली तर त्याची ही सोय जाते. हल्लीचे एलईडी बल्ब उजेड देतात, ऊब देत नाहीत. तापणारे कृत्रिम दगड मिळतात ते घेऊ नका, पोट भाजतं. हाताने चाचपून अंदाज न घेता टोकाला तार असलेला डिजिटल थर्मामीटर दोन्ही बाजूंना ठेवावा.

दुसरा दिवा अतिनील किरणांचा, म्हणजे यूव्हीबीचा. ही ट्यूब सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच बनवलेली असते. टी-फाइव्ह प्रकारची, पेटीच्या निम्म्याहून अधिक लांबीची घ्यावी. त्वचेवर हे किरण पडले की शरीर जीवनसत्त्व डी-थ्री तयार करतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम रक्तात जातं. नाहीतर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय थरथरतात, कणा वाकतो. टाकून दिलेल्या सरड्यांत हा हाडांचा आजार फार दिसतो, कारण आधीच्या मालकाने साधा पिवळा बल्ब लावून वर्ष काढलेलं असतं. ट्यूब उजेड देत राहते पण किरण कमी होत जातात, म्हणून टी-फाइव्ह ट्यूब वर्षानं बदलायची. लावल्याची तारीख तिच्या टोकावर लिहून ठेवा. ट्यूब आणि सरड्याच्या मध्ये काच किंवा प्लास्टिक आलं तर ते किरण अडवतं. याच कारणानं खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामी उपयोगाचं नाही.

उघड्यावरचं ऊन मात्र कुठल्याही ट्यूबपेक्षा चांगलं, आणि ते आपल्याकडे फुकट आहे. थंडीत सकाळी आठ-साडेआठनंतर जाळीच्या टोपलीत, अर्ध्या भागावर ओला पंचा टाकून, वीस मिनिटं गच्चीवर. शेजारी माणूस बसलेलं हवं, मांजर आणि घार दोघांसाठी. काचेच्या भांड्यात घालून उन्हात कधीही ठेवू नका. आतली हवा काही मिनिटांत भट्टी होते.

आपले तीन ऋतू

परदेशी पुस्तकांत सगळा भर पेटी गरम कशी ठेवायची यावर असतो. मंचेरियलच्या मे महिन्यात प्रश्न उलटा आहे. पारा ४५ च्या आसपास गेला की पेटीचं 'थंड' टोक उरतच नाही. वाळवंटातला सरडासुद्धा अशा वेळी बिळात जातो. तो सतत तोंड उघडं ठेवून थंड टोकाला चिकटून बसला असेल तर त्याला गरम होतंय. आम्ही उन्हाळ्यात पेटी घरातल्या सर्वांत थंड, उत्तरेच्या खोलीत खाली ठेवतो, उष्णतेचा दिवा फक्त सकाळी दोन-तीन तास लावतो, दुपारी यूव्हीबी तेवढी चालू. कूलर त्या खोलीत लावायचा तर झोत पेटीवर नको आणि खिडकी उघडी हवी, कारण कूलर हवा गार करतो ती पाण्यानं, आणि याला ३० ते ४० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. एसी असेल तर २८ वर लावून ठेवणं जास्त सोयीचं.

पावसाळा त्याच्यासाठी सर्वांत वाईट. जुलै-ऑगस्टची ओल फुप्फुसात बसते: श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, मान वर करून घेतलेला श्वास. यातलं काही दिसलं तर वाट न पाहता डॉक्टर. बचाव म्हणून पेटीतलं पाण्याचं भांडं तासाभरानं काढून घ्यावं, अंघोळ थांबवावी, ओले कागद लगेच बदलावेत आणि पेटीजवळ पंखा हळू चालू ठेवावा.

थंडी आपल्याला सौम्य वाटते, पण जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा हा सगळा भाग तेलंगणातल्या गार भागांपैकी आहे. रात्री पेटी १८ अंशांच्या खाली जाऊ लागली तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावावा. लाल बल्ब लावू नये, त्याची झोप मोडते. दिवे रात्री गेले तर कोमट पाण्याची बाटली पंचात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात.

डिसेंबर-जानेवारीत मोठा सरडा खाणं कमी करून दिवसचे दिवस झोपून राहू शकतो. ही त्याची हिवाळी सुस्ती आहे. गेला, असं समजून पुरायला निघू नका! धडधाकट, जंत नसलेल्या प्राण्यात ती चालते. वजन टिकून राहतं. नुकताच आलेला, हाडं दिसणारा प्राणी झोपू लागला तर मात्र दिवे पूर्ण बारा तास चालू ठेवून त्याला जागं राहू द्यावं आणि तपासून घ्यावं.

ताटात काय

पिल्लांना किडे जास्त लागतात. दीड-दोन वर्षांच्या पुढे प्रमाण उलटतं: तीन-चतुर्थांश पाला-भाजी आणि आठवड्यातून दोन-तीनदा थोडे किडे. टाकून दिलेले बरेच सरडे फक्त अळ्यांवर वाढलेले असतात आणि पाल्याकडे पाहतही नाहीत. त्यांना सकाळी, दिवा लागल्यावर, भूक असताना आधी पाला ठेवायचा. लाल जास्वंदीचं फूल वर ठेवलं तर बहुतेक जण तोंड घालतात. ही फुलं आणि कोवळी पानं दोन्ही चालतात.

आपल्या बाजारात त्याच्यासाठी भरपूर आहे. शेवग्याचा कोवळा पाला म्हणजे मुनगाकू, तुतीची पानं, दुधी, दोडका, लाल भोपळ्याचा कीस, कोवळी भेंडी, थोडी मेथी, थोडी कोथिंबीर, काटे सोलून काढलेलं फड्या निवडुंगाचं पान. रोज एकच न देता बदलत राहावं. पपई किंवा आंब्याची फोड आठवड्यातून एकदा, नखाएवढी.

पालेभाजी म्हणजे पौष्टिक, हा आपला हिशेब मात्र इथे चुकतो. पालक, चुका, अंबाडी म्हणजे गोंगूर, आणि तांदुळजा म्हणजे तोटकूर, यांत ऑक्झॅलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. चुकून एक पान गेलं तर काही होत नाही, पण रोजचं खाणं म्हणून नाही. कांदा, लसूण, लिंबू-संत्री आणि अॅव्होकॅडो कधीच नाही; यातलं शेवटचं तर विषच. दूध, दही, भात, पोळी, प्रसादाचा शिरा यातलं काहीही त्याच्या पोटाला कळत नाही. आजींना हे प्रेमानं पण ठाम सांगावं लागतं.

किड्यांसाठी कुणी मुलांना शेतात नाकतोडे पकडायला पाठवू नका. आपला भाग कपाशीचा आहे, फवारणी किती होते ते सगळ्यांना माहीत आहे. विष खाल्लेला एक नाकतोडा पुरेसा असतो. घरातलं झुरळही त्याच कारणानं नको. पावसाळ्याच्या सुरुवातीला दिसणारे काजवे पेटीच्या आसपासही येऊ देऊ नयेत. काजव्यातल्या विषानं दाढीवाले सरडे मेल्याचे दाखले आहेत आणि त्यावर उतारा नाही. खायचे किडे पैदास केलेलेच असावेत: रातकिडे, काळ्या सैनिक माशीच्या अळ्या, कधीमधी पिठातल्या अळ्या. रातकिडे डब्यात पाळणं कठीण नाही, फक्त रात्री गातात. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, आणि भरवण्याआधी एक दिवस त्या किड्यांना भोपळा, गाजर खायला घालावं. त्यांच्या पोटातलं तेच सरड्याच्या पोटात जातं.

वरून कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भुरभुरायची: लहानांना आठवड्यातून चार-पाच दिवस, मोठ्यांना दोन-तीन दिवस. आता दोन घरगुती उपाय, दोन्ही घातक. पहिला पानाचा चुना. चुन्यात कॅल्शियम असतं हे खरं, पण तो जाळणारा क्षार आहे; त्याच्या तोंडाची आणि अन्ननलिकेची आग होते. दुसरा, आपल्यासाठी डॉक्टर देतात ते साठ हजार युनिटचं व्हिटॅमिन डीचं पाकीट. माणूस ते आठवड्यातून एक घेतो. चारशे ग्रॅमच्या प्राण्याला त्यातली चिमूटसुद्धा मूत्रपिंडं निकामी करू शकते. जंतांसाठी गुरांच्या औषधाचा 'अंदाजे थेंब' देण्याबद्दलही हेच म्हणेन.

डॉक्टर कुठे

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या रोज पाहतात, सरडा क्वचित. तरी ताजी विष्ठा नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंत आणि कॉक्सिडिया पाहून देण्याची विनंती करता येते, आणि आलेल्या प्रत्येक प्राण्याची ती तपासणी व्हायलाच हवी. पुढच्या उपचारासाठी सरपटणारे प्राणी पाहणारे डॉक्टर मोठ्या शहरांतच मिळतात. आपल्याला हैदराबाद आणि नागपूर दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत. हैदराबादला राजेंद्रनगरचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय. आधी फोन करून सरडा पाहतात का ते विचारावं आणि मगच निघावं. हे फोन प्राणी ठणठणीत असताना करून नंबर पेटीवर चिकटवावेत. नेताना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत पंचा, आणि एसी डब्याचा थेट झोत नको.

एक गोष्ट मादीबद्दल. नर नसतानाही ती अंडी घालू शकते. ती फलित नसतात. अचानक खाणं सोडलं, पोट गुबगुबीत झालं आणि ती कोपरे खणू लागली तर ओलसर मातीनं भरलेली, वीतभर खोल पेटी तिला द्यावी. जागा मिळाली नाही तर अंडी अडकतात आणि जीव जातो. आपला नर आहे की मादी, हे शेपटीच्या मुळाखालच्या फुगवट्यावरून कळतं. डॉक्टर एका नजरेत सांगतात. या जातीत अंडी फार गरम जागी उबली तर जनुकांनी नर असलेली पिल्लं मादी होऊन जन्मतात आणि पुढे अंडीही घालतात, हे २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रानातल्या सरड्यांमध्येही दाखवून दिलं.

माणसांच्या बाजूनं काळजी एकच, पण ती रोजची. निरोगी सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, त्याला ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर सोडायचं नाही, पापा घ्यायचा नाही. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर सून आणि आजारातून उठलेली ज्येष्ठ मंडळी यांनी त्याला हाताळू नये. ज्या घरात हे पाळणं शक्य नाही त्यांनी सरळ नाही म्हणावं. त्यात कमीपणा काही नाही.

दिवाळीला किंवा लग्नाला गावी जायचं झालं तर मोठा, धडधाकट सरडा दोन दिवस पाला-पाण्यावर एकटा राहतो, पण दिवे टायमरवर हवेत. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांना रोज एकदा यायला सांगा आणि खाण्याच्या पुड्या दिवसवार बांधून फ्रीजमध्ये वेगळ्या डब्यात ठेवा, म्हणजे कुणी प्रेमानं पोळी घालणार नाही. फटाक्यांच्या चार रात्री पेटीवर जाड चादर टाकावी, हवेची बाजू उघडी ठेवून. धूर आत येत असेल तर खोलीची खिडकी बंद. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्याची दाढी काळी दिसली तर काळजी नको, पण तिसऱ्या दिवशीही काळीच असेल तर वही काढून वजन करा.